आतोबांचं वीजकेंद्र

वीजकेंद्र चालवणारी माणसं देशात पुष्कळ असतील, पण न बांधलेलं वीजकेंद्र इतक्या शिस्तीत चालवणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो आमच्या आत्याचा नवरा. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला आतोबा म्हणतात. सरोजिनी नगरातली सरकारी क्वार्टर्स त्यांना इंजिनीयर साहब म्हणत. दिल्लीपासून मोटारीनं दोन-अडीच तासांवर, एका कालव्याच्या काठी, कोळशावर चालणारं मोठं वीजकेंद्र व्हायचं होतं. आतोबा त्या कामाच्या कंपनीत, दिल्लीच्या मुख्य कचेरीत, आराखड्याच्या टेबलावर होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी या एका वीजकेंद्राची चिमणी, कोळशाचं आवार, राखेचं तळं आणि नोकरवर्गाची वसाहत कागदावर मांडण्यात, पुसण्यात आणि पुन्हा मांडण्यात घालवली. वीजकेंद्र काही झालं नाही. त्या जागेवर आजही गहू आणि मोहरी पिकते. पण एवढ्या किरकोळ कारणासाठी आतोबांनी ते कधी बंद ठेवलं नाही.

त्या काळात उन्हाळ्यात दिल्लीतले दिवे वरचेवर जात. दिवे गेले की बाकीची माणसं हातपंखा शोधत, नाहीतर वीज खात्याच्या नावानं बोटं मोडत. आतोबा जागचे उठून उभे राहत आणि समोर जो कोणी बसला असेल त्याची माफी मागत. पंगतीत मीठ वाढायचं राहून गेल्यावर यजमान ज्या सुरात बोलतो, त्या सुरात म्हणत, "माफ करा हं. आपलं असतं तर गेली नसती." हे ते पाहुण्यांना सांगत, दूधवाल्याला सांगत, आणि एकदा मीटर वाचायला आलेल्या माणसालाही त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं आहे. समोरच्या क्वार्टरात एक सरदारजी राहत. दिवे गेले की ते बनियनवर गॅलरीत येऊन मोठ्यानं विचारत, "इंजिनीयर साहब, आपका वाला कब चालू होगा?" सगळी गल्ली हसायची. आतोबांना मात्र तो प्रश्न अगदी रास्त वाटायचा. ते कठड्याशी जाऊन सांगत, "बस, एक क्लिअरन्स बाकी है." पुढे सरदारजी रिटायर होऊन मुलाकडे परदेशी निघाले, तेव्हा निरोप घ्यायला आले आणि जिन्यात थांबून म्हणाले, चालू हो जाए तो फोन कर देना. आतोबांनी आत जाऊन पेन आणलं आणि त्यांचा तिकडचा नंबर लिहून घेतला.

दुसरं वेड वाऱ्याचं. चिमणी कुठे उभी करायची हे वारा ठरवतो, आणि आतोबांनी त्या एका जागेचे बारा महिन्यांचे वारे इतके पाठ केले होते, की कुठेही गेलं तरी त्यांचा पहिला प्रश्न वाऱ्याचाच असे. घराच्या गच्चीवर त्यांनी आत्याच्या जुन्या सुती साडीची पट्टी बांबूला बांधून ठेवली होती. सकाळी चहाच्या आधी ते वर जाऊन ती बघून येत आणि मगच कोणत्या खिडक्या उघडायच्या हे सांगत. लग्नाच्या जेवणाला गेले तर आधी तंदूर कुठे लावला आहे ते बघत, तोंडात घालून ओलं केलेलं बोट हवेत धरत आणि आम्हा सगळ्यांना भरल्या टेबलावरून उठवून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवत. धूर त्या बाजूला कधीच आला नाही हे खरं. वाढपीही आले नाहीत. दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात त्यांनी एका वर्षी धूप-कापराचा धूर प्रेक्षकांत जाऊ नये म्हणून सबंध व्यासपीठच फिरवून घेतलं. धूर गेला, पण प्रमुख पाहुण्यांच्या डोळ्यांवर थेट पश्चिमेचं ऊन आलं आणि त्यांनी पाच मिनिटांत भाषण आवरलं. पुढच्या वर्षी मंडळींनी आतोबांना एकमतानं कार्यकारिणीवर घेतलं.

पण त्यांचा खरा जीव वसाहतीत होता. दिल्लीत सरकारी नोकरांच्या घरी माणसाची ओळख तो कोणत्या टाइपच्या क्वार्टरात राहतो यावरून होते, त्यामुळे आतोबांची ही खोड तिथे कुणाला फार विचित्र वाटत नसे. ते भेटेल त्या माणसाला आपल्या वसाहतीत घर देत. शाळेजवळच्या ओळीत शांत माणसं. मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांना स्विचयार्डाच्या बाजूला, कारण तिथे तारांची घरघर असणारच. एकमेकांचं पटत नाही अशा दोन भावांना त्यांनी वसाहतीच्या दोन टोकांना घरं दिली होती, मधे मुद्दाम दवाखाना ठेवून. घर मिळालेल्या माणसाला ते आडवळणानं न सांगता सरळ कळवत, आणि लोकही, काय सांगावं, थोडे सुखावत. मी शिकायला दिल्लीत आलो आणि मुनिरकात एका खोलीत तिघं अशा थाटात राहू लागलो. रविवारी जेवायला आत्याकडे जायचो. पहिल्याच रविवारी आतोबांनी मला बॅचलर होस्टेलमध्ये दुसऱ्या मजल्यावर खोली दिली, खिडकी कोळशाच्या आवाराकडे. मी जरा नाराज होऊन विचारलं की त्याच बाजूला का. ते म्हणाले, तू सिगारेट ओढतोस, तुला फरक पडणार नाही. मी गार झालो, कारण सिगारेट मी खालच्या जिन्यात, दार लोटून ओढली होती. आतोबा शांतपणे म्हणाले की त्या वेळी वारा पूर्वेचा होता. माझी नोकरी लागल्यावर मला बी टाइप मिळालं, लग्न झाल्यावर सी टाइप. माझ्या बायकोची नोकरी गुडगावच्या चकाचक ऑफिसात. तिनं आतोबांना गंभीरपणे विचारलं की स्वयंपाकघर मॉड्युलर आहे का. त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत विचार करून तिला होकार कळवला.

आता या सगळ्या कारभारात एक अडचण होती, आणि ती थट्टेची नव्हती. वीजकेंद्राला मंजुरी मिळाली असती तर आतोबांना दिल्ली सोडून साइटवर राहायला जावं लागलं असतं. तसं त्यांच्या नेमणुकीतच होतं. आत्या दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. तिची बदली दिल्लीबाहेर होणारी नव्हती. सरोजिनी नगरचं क्वार्टर तिच्या नावावर, दारावर पाटी तिच्या नावाची, मुलीची शाळा चालत जायच्या अंतरावर. तेव्हा मंजुरी आलीच तर आत्यानं नोकरी सोडून नवऱ्याबरोबर जायचं, की नवऱ्यानं आठवडाभर तिकडे आणि रविवारी इकडे असं म्हातारपणापर्यंत काढायचं, हा प्रश्न त्या घराच्या डोक्यावर वर्षानुवर्षं टांगलेला होता. माझे वडील पुण्याहून फोन करत तेव्हा शेवटी हमखास विचारत, मग काय ठरलं तुमचं. आत्या म्हणायची, मंजुरी तर येऊ दे. आतोबा मात्र ती येणार असं धरूनच चालले होते. वसाहतीतलं सगळ्यात चांगलं घर, कालव्याच्या बाजूचं, डी टाइप, त्यांनी आत्याच्या नावानं ठेवलं होतं. स्वतःच्या नव्हे, पाटी तिथेही तिचीच असणार होती.

आत्यानं येते असंही कधी म्हटलं नाही आणि येत नाही असंही नाही. एकदाच, अगदी सुरुवातीला, गव्हाचा चीक हाटता हाटता ती सहज म्हणाली होती, की माझ्या कुरडयांवर कोळशाची भुकटी बसणार असेल तर मी काही तिथे यायची नाही. दुसऱ्या कोणत्याही नवऱ्यानं हे हसण्यावारी नेलं असतं. आतोबांनी ती तांत्रिक अट म्हणून लिहून घेतली. कुरडया घालतात भर उन्हाळ्यात. उन्हाळ्यात इकडे लू, म्हणजे गरम वारा, वाहतो तो पश्चिमेकडून. वसाहत तर कोळशाच्या आवाराच्या पूर्वेला, हमरस्त्याच्या जवळ आखलेली. म्हणजे ओल्या कुरडयांवर भुकटी बसणार हे उघड होतं. आतोबांनी सबंध वसाहत उचलून पश्चिमेला नेली. फाइलीत कुरडया असं लिहिता येत नाही, म्हणून त्यांनी निवासी भागातल्या घरगुती कामांवर उन्हाळी धुळीचा होणारा परिणाम असं काहीतरी भारदस्त इंग्रजीतून लिहिलं. साहेबांना ते इतकं पटलं की त्यांनी शेजारी 'व्हेरी गुड' असा शेरा मारला. मात्र जागा बदलली म्हणून मोजणी नव्यानं आली, मोजणी नवी म्हणून अहवाल नवा आला, आणि दोन वर्षं गेली. पुढे आतोबांच्या लक्षात आलं की पश्चिमेकडून कोळशाची गाडी येणार, तेव्हा वसाहत तिथेही नको. ती कालव्यापलीकडे गेली. आणखी दोन वर्षं. एरवीही फाइल परत यायला कारणं कमी नव्हती. कधी पाण्याचं नक्की होईना, कधी कोळसा कोणत्या खाणीचा हे ठरेना, कधी गावकरी विरोधाचं निवेदन घेऊन जात आणि त्यांच्यातलेच निम्मे दुसऱ्या दिवशी नोकऱ्या कधी निघणार हे विचारायला येत. फाइल जायची, वर्ष-सहा महिने फिरायची आणि शंका लागून परत यायची.

फाइल परत आली की त्या संध्याकाळी घरात साखरभात होत असे. हा त्या घराचा रिवाजच होता. आतोबा खांदे पाडून घरी येत, बूट काढत, "परत आली," एवढंच म्हणत आणि खुर्चीत बसत. आत्या म्हणायची, असू दे, तोंड गोड करा, पुढच्या वेळी होईल. आणि केशर, काजू, लवंगा घातलेला, मोकळा, लिंबाचा किंचित आंबूसपणा असलेला साखरभात पानात यायचा. नवऱ्याचं दुःख हलकं करायची ही तिची रीत आहे असं आम्ही सगळे समजत होतो. मुनिरकातल्या ढाब्यावर राजमा-चावल खाऊन कंटाळलेल्या माझ्यासारख्याची मोठी पंचाईत व्हायची. आतोबांबद्दल मला मनापासून वाईट वाटायचं, आणि त्याच वेळी पर्यावरण मंजुरी अडकावी असं जितकं मला वाटायचं तितकं ते मोर्चे काढणाऱ्यांनाही वाटत नसेल. आतेबहीण तर लहान होती. फाइल परत येणं हा एक सण आहे अशी तिची बरेच दिवस समजूत होती. तिनं शाळेत तसं सांगितलंही होतं.

शाळेचं निघालं म्हणून ती सहल सांगायला हवी. आतेबहीण सहावीत असताना तिनं वर्गात सांगितलं की पापा का पावर प्लांट है. दिल्लीत वाढलेल्या मुलांना निम्मे मराठी शब्द येत नाहीत, पण मोठेपणा मारायला भाषा लागत नाही. वर्गशिक्षिकेनं उत्साहानं चिठ्ठी पाठवली की मुलांना बघायला नेता येईल का. कुणीही शहाण्या माणसानं काहीतरी सबब सांगितली असती. आतोबांनी तारीख कळवली. थंडीच्या एका सकाळी शाळेची बस निघाली. मुलं, बाई, मदतीला मी आणि आत्या. कालव्याजवळ उतरलो तो चहूकडे मोहरीची पिवळी शेतं. बाईंनी आधी शेतांकडे आणि मग आतोबांकडे पाहिलं. आतोबांनी खिशातून शिट्टी काढली आणि मुलांना दोन रांगांत उभं केलं. मग त्यांनी सगळं वीजकेंद्र दाखवलं. हे कोळशाचं आवार, इथे धावायचं नाही. हा बॉयलर, सात मजली, वर बघा. मुलांनी वर बघितलं. टर्बाइनच्या दालनाशी आल्यावर एक मुलगा सरळ पुढे घुसला, त्याला आतोबांनी हाताला धरून मागे आणलं आणि दाराकडून वळसा घालून नेलं, कारण तिथे भिंत होती. आत गेल्यावर ते मोठ्यानं बोलू लागले, म्हणजे आवाजात ऐकू जावं. आणि खरं सांगतो, मुलंही एकमेकांशी ओरडून बोलू लागली. बांधावर उभा राहून शेताचा मालक चौधरी हे सगळं पाहत होता. तो आतोबांना वर्षानुवर्षं ओळखत असे. मला म्हणाला, "बाबूजी जब भी आते हैं, रास्ते से ही चलते हैं. मेरी एक क्यारी नहीं कुचली आज तक." त्याचा एकही वाफा तुडवला गेला नव्हता, कारण आतोबांच्या आराखड्यातले सगळे रस्ते शेतांच्या बांधांवरूनच जात होते.

शेवटी मुलं गूळ आणि ऊस खात बसली तेव्हा आतोबा आत्याला कालव्यापलीकडे घेऊन गेले. पुलावरून मीही मागे गेलो. गव्हाच्या एका शेताच्या कोपऱ्यात त्यांनी तिला उभं केलं आणि म्हणाले, "हे स्वयंपाकघर." मग हातानं दाखवत गेले. इकडे ओटा. इकडे पूर्वेची खिडकी, सकाळचं ऊन. ही कालव्याची. ही तिसरी मागच्या अंगणाची, मुलगी खेळत असेल तर दिसायला. आत्यानं विचारलं की गच्ची कुठे. त्यांनी वर बोट केलं. आत्यानं पदर सावरून वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, जणू कुरडया वाळल्या की नाहीत ते बघते आहे. मग म्हणाली, "छान आहे हो." आतोबांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मी नंतर कधी पाहिलं नाही. परतीच्या वाटेवर आत्या बसमध्ये खिडकीशी बसून मागे पडणाऱ्या कालव्याकडे बघत होती. मला वाटलं, ठरलं आता हिचं, मंजुरी आली की ही जाणार.

दोन-तीन महिन्यांनी फाइल पुन्हा परत आली. मी त्या दिवशी परीक्षेचा पेपर देऊन दुपारीच सरोजिनी नगरला गेलो होतो. साडेपाचच्या सुमाराला आत्या ऑफिसातून आली ती हातात केशराची डबी आणि काजूचा पुडा घेऊन. आल्या आल्या तिनं तांदूळ धुतले. ती काहीतरी गुणगुणत होती. मला मौज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आतोबा अजून घरी यायचे होते. फाइल परत आली हे घरात कुणालाच कळलेलं नव्हतं. हिला कुठून कळलं? उत्तर सोपं होतं. दिल्लीत मंत्रालयातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत हिरवळीवर उन्हाला बसून स्वेटर विणतात, आणि कोणती फाइल कोणत्या टेबलावर आहे हे मंत्र्यांच्या आधी तिथे कळतं. आश्चर्य त्याचं नव्हतं. नवऱ्याचं दुःख हलकं करायला निघालेली बाई गुणगुणत तांदूळ धूत नाही, हे मला तेव्हा प्रथम सुचलं. पण थोड्या वेळानं आतोबा खांदे पाडून आले, "परत आली" म्हणाले, आत्याचा चेहराही बघता बघता पडला, आणि मी पान वाढून घेतलं.

ती गोष्ट मी तिला विचारली ती पुष्कळ वर्षांनी, गाझियाबादला. दोघं रिटायर झाली होती, क्वार्टर सोडून तिथे एका सोसायटीत सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. गॅलरीच्या कठड्याला साडीची पट्टी होतीच. हिवाळ्यात दिल्लीचा धूर इतका दाटायचा की समोरची इमारत दिसेनाशी व्हायची, सगळी सोसायटी मोबाइलवर प्रदूषणाचे आकडे बघत बसायची आणि आतोबा पट्टीकडे बघून सांगायचे की वारा पडलाय, आज खिडक्या उघडू नका. आत्याचं हृदय तेव्हा थकत चाललं होतं. आतोबा औषधं आणायला खाली गेले होते. मी म्हटलं, आत्या, तो साखरभात आनंदाचा होता ना. ती लाजली. सत्तरीच्या बाईला इतकं लाजताना मी पाहिलं नव्हतं.

"अरे, मंजुरी आली असती तर हे सोमवारी गेले असते आणि शनिवारी धुवायचे कपडे घेऊन आले असते. मला असा आठवड्याचा नवरा नको होता. आणि नोकरी सोडून जायचं म्हटलं तर ते ऑफिस, त्या बायका, हे सगळंच माझं होतं रे."

मी म्हटलं, मग सरळ सांगायचं.

"कसं सांगू? माझ्या स्वयंपाकघराला तीन खिडक्या काढल्या होत्या त्यांनी. सरकारी क्वार्टरला कोण काढतं तीन खिडक्या?" मग म्हणाली, "यांना नको सांगू हं. इतकी वर्षं बिचारे दुःखानं खात आले आहेत."

मी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी आत्या गेली. आतोबा एकटे राहिले. मुलगी बंगलोरला, ती बोलावत असते. ते म्हणतात बघू. मी आणि बायको सुट्टीच्या दिवशी जाऊन येतो. त्यांचं घर देणं बंद झालं होतं. आमच्या मुलाला त्यांनी अजून काहीच दिलं नव्हतं, आणि तो मागे लागला तर म्हणत, नंतर बघू, सध्या ॲलॉटमेंट बंद आहे. दिवे गेल्यावर माफी मात्र ते मागतच राहिले.

परवाच्या उन्हाळ्यात पेपरात चार ओळींची बातमी आली. तो प्रकल्प आता कायमचा रद्द झाला होता, राखून ठेवलेली जमीन मोकळी होणार होती. मी वाचली आणि मला धसकाच बसला. फाइल परत येणं वेगळं. परत आलेली फाइल पुन्हा जाऊ शकते. आता फाइलच उरली नव्हती. फोन लावला तर उचलेनात. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मेट्रो, ऑटो करत गाझियाबाद गाठलं. लिफ्टमधून सहाव्या मजल्यावर उतरलो आणि थांबलो. पॅसेजमध्ये लवंगेचा वास येत होता.

दार आतोबांनीच उघडलं. अंगात बंडी, तीवर आत्याचा स्वयंपाकाचा ॲप्रन, चष्म्यावर वाफ. म्हणाले, "आलास? अच्छा झालं. बैस, पान घेतो." साखरभात खालून लागला होता, वरचा चिकट झाला होता, आणि काजू अख्खेच्या अख्खे. मी म्हटलं, आतोबा, बातमी वाचली मी.

"हो," ते म्हणाले. "हा शेवटचा. ती असती तर आज केला असता. तो राहून जायला नको होता."

माझा घास हातात राहिला. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ते समोर बसले. म्हणाले, "लवंगेचा वास खालच्या जिन्यापर्यंत यायचा रे. मी दोन मिनिटं खाली उभा राहायचो, खांदे पाडायचो आणि मग वर यायचो. हसत गेलो असतो तर बिचारीला सांगावं लागलं असतं, कशाचा साखरभात आहे ते."

मी विचारलं की वाईट नाही वाटायचं?

"वाटायचं ना. पहिल्या दोन वेळी तर बिल्कुल झोप नाही लागली. इतकं मन लावून काढलेलं काम होतं ते." त्यांनी माझ्या पानात आणखी भात वाढला. "मग वाटलं, आपण घरी राहिलो म्हणून कोणीतरी केशर विकत आणतंय. असं पोस्टिंग कुठे मिळतं?" आणि जरा वेळानं, भांड्याच्या तळाची खरवड काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती वसाहत दुसऱ्यांदा हलवली ना मी, कालव्यापलीकडे. ती काही कुरडयांसाठी नव्हती. कोळसा झाकलेल्या डब्यांतून येणार होता. कुरडया पहिल्या वेळीच सुरक्षित झाल्या होत्या."

म्हणजे फाइल परत यावी अशी इच्छा त्या घरात एकट्या आत्याची नव्हती. त्यांची इच्छा तिला कळली नाही, आपली त्यांना कळली आहे हेही तिला कळलं नाही, आणि दोघं एकाच पातेल्यातला भात इतकी वर्षं तोंड पाडून खात राहिली. मला हसू आलं, आणि मग रडूच आलं, ते मी खाली बघून जेवत राहून निभावलं. आतोबा गॅलरीत जाऊन पट्टी बघून आले आणि मी जेवत असताना त्यांनी एक खिडकी उघडली, कालव्याकडची नव्हे, पण कालव्याकडचीच असल्यासारखी. मग, कशावरून कोण जाणे, म्हणाले की तुझ्या मुलाला ते डी टाइप देऊन टाकू या. एवढं मोठं घर रिकामं ठेवणं बरं नाही.

तेवढ्यात दिवे गेले. पंखा घरघरत थांबला. सोसायटीच्या जनरेटरनं नेहमीप्रमाणे वेळ लावला. सवयीनं मी घास थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. ते उठले नाहीत. त्यांनी शेजारी पडलेला तो बातमीचा पेपर उचलला, त्याची घडी घातली आणि मला वारा घालू लागले.

"जेव तू," ते म्हणाले. "येईल."

मी जेवलो. आणखी भात मागूनही घेतला.